सुतकातलं पिंप

ब्लॅकटाउनच्या आमच्या भाड्याच्या घरात गराजमध्ये गाडी कधीच नव्हती. तिथे माझ्या मित्राचं लाकडी पिंप होतं. आम्ही दोघं युनिव्हर्सिटीपासूनचे दोस्त. पहिल्या लॉकडाउनमध्ये त्याने त्यात बेल्जियन पद्धतीची आंबट, तपकिरी बिअर मुरायला घातली. वर्षभर तरी हात लावायचा नाही, असं तो लोणच्याबद्दल सांगावं तसं सांगायचा. दर महिन्याला स्वतः मात्र चमचाभर चाखायचा आणि नाशिकला वडिलांना फोनवर चव सांगायचा. कोविडमुळे बंद झालेली इथली बॉर्डर उघडली आणि ते भारतातून आले की पहिला ग्लास त्यांचा, हे ठरलेलं.

मला त्या वासाने डोकं उठायचं. व्हिनेगरमध्ये गूळ कुजत ठेवल्यासारखा वास. कपडे तिथेच धुवायचे, म्हणजे शर्टांनाही तोच. यावरून आमची दोनदा कडाक्याची भांडणं झाली होती.

दुसऱ्या लाटेत त्याचे वडील गेले. अंत्यविधी त्याने फोनवर बघितला आणि खोलीचं दार लावून घेतलं. सुतकात काय करतात ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याला आईला विचारलं. शिजवलेलं अन्न आणि भरून ठेवलेलं पाणी टाकून दे, ती म्हणाली. मी भात टाकला, पाण्याचा जग उपडा केला. मग गराजमध्ये जाऊन पिंपाची तोटी सोडली.

दुपारी तो खोलीतून गराजमध्ये आला आणि ओल्या फरशीकडे बघत राहिला. सुतक आहे ना, आईने अन्नपाणी टाकून द्यायला सांगितलं, म्हणून टाकलं, असं मी म्हणालो.

त्याची मूठ सरळ तोंडावर बसली. दात ओठात घुसला. मी पडलो तसा तो बरगड्यांत लाथा घालत सुटला. माझंही डोकं फिरलं. ज्याचा बाप कालच जळला होता, त्याचं डोकं मी वॉशिंग मशीनवर आपटलं. दोनदा. पत्र्याला पोचा आला, त्याची भुवई फाटली, आणि रक्त फरशीवरच्या बिअरमध्ये उतरत गेलं.

आम्ही धापा टाकत समोरासमोर बसलो.

"आईने पिंपसुद्धा टाकायला सांगितलं?" त्याने विचारलं.

आई पिंपाबद्दल अवाक्षरही बोलली नव्हती.

"हो," मी म्हणालो.

त्याने शर्टाने भुवई दाबून धरली. "सॉरी यार. मला यातलं काही कळत नाही. तू माझ्या बाबांसाठी केलंस आणि मी तुलाच मारलं."

मी ते सॉरी घेतलं.