चार सडांचं त्रैराशिक

मी चौदा वर्षं लोणावळ्याच्या शाळेत मुलांना शेकडेवारी शिकवली, आणि त्यापायी त्यांच्यातल्या एकाचंही नुकसान झाल्याचं ऐकिवात नाही. म्हैस गेली ती आमची. आमची म्हणजे खरं तर आमच्या सौभाग्यवतींची, आणि तिथंच सगळी गोम आहे.

हिनं आपले चांदीचे तोडे मोडून बारा रुपयांना एक रेडी घेतली होती. आमच्या दोन खोल्यांत तिला जागा कुठली? (मलाच पुरत नव्हती.) म्हणून रेडी भाजे गावच्या धोंडिबाकडे अर्धलीनं दिली. अर्धली म्हणजे जनावर आपलं, चारा आणि राखण त्याची. व्याली की चार लोकांसमोर किंमत करायची आणि जो म्हैस घरी नेईल त्यानं दुसऱ्याला निम्मी किंमत मोजायची. तीन वर्षं ही गवळ्याचं पाणचट दूध उकळताना म्हणायची, "आपली चंद्री एकदा घरी येऊ दे." घरमालकाचे पाय धरून तिनं परसात गोठा बांधून घेतला. पोटाला चिमटा काढून पन्नास रुपये साठवले. शंभराची म्हैस, निम्मे पन्नास, असा तिचा सरळ हिशेब होता. मला सरळ हिशेबांचा पहिल्यापासून कंटाळा.

चंद्री व्याल्याचा निरोप आला तसे आम्ही रजा काढून निघालो. हिच्याजवळ नवं दावं, हळदकुंकू आणि घुंगूरमाळ. माझ्याजवळ पेन्सिल. गाडीत मी तिला सांगितलं की पन्नास कशाला, मी तिसात आणतो बघ. ती म्हणाली, "नका हो. पन्नासच देऊ या. मला म्हैस हवी." मी हसलो. ते हसू आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

मळवलीला उतरून भाज्यात पोचलो तर धोंडिबाच्या अंगणात चार शहाणी माणसं घोंगडीवर बसलेली. मधोमध गावातले वडीलधारे आबा. त्यांनी रीत समजावून सांगितली.

"मास्तर, जनावर तुमचं, तवा किंमत तुमी करायची. त्या किमतीला म्हस ठेवायची का सोडायची, ते धोंडिबा सांगंल. एकदा बोलला का बोलला. माघार न्हाई."

धोंडिबाच्या डोक्यावरचं विरलेलं मुंडासं पाहून त्याच्याजवळ रोख काही नसणार, हे मी गृहीत धरलं. (गणितात गृहीत धरायला पैसे पडत नाहीत.) म्हणजे तो म्हैस सोडणारच. मग किंमत जितकी कमी, तितकं आपल्याला देणं कमी! मी पेन्सिल कानावरून काढली आणि चंद्रीभोवती फेरी मारली. कासेचा एक सड बाकीच्या तिन्हींपेक्षा बारीक दिसला. मला उकळीच फुटली.

"आबा, त्रैराशिक मांडू. चार सडांना शंभर रुपये, तर तीन सडांना किती? पंचाहत्तर."

धोंडिबा माझ्या तोंडाकडे एकटक बघत होता. हिनं मागून माझा कोट ओढला. मला वाटलं, कौतुकानं ओढते आहे. मग मला आणखी चेव चढला. शिंगाला बाक, शेकडा दहा वजा. लाथ मारते (हे मी नुकतंच अनुभवलं होतं), शेकडा दहा वजा. पंचाहत्तरावर शेकडा वीस म्हणजे पंधरा. राहिले साठ.

कोट आता एवढ्या जोरानं ओढला गेला की शिवण उसवली.

धोंडिबानं शांतपणे विचारलं, "मास्तर, साठ? हीच किंमत?"

"हीच."

तो उठून घरात गेला. बराच वेळ आला नाही. आतून डबा उघडल्याचा आवाज आला. हिच्या हातातली घुंगूरमाळ हळूहळू वाजत होती. धोंडिबा बाहेर आला तो ओंजळीत रुपये घेऊन. भात विकून आलेले. त्यानं ते घोंगडीवर एकेक करून मांडले. तीस.

"म्हस मी ठेवतो," तो म्हणाला. "आन् सड बारीक न्हाई मास्तर. रेडकू आत्ताच त्याच सडाला पिऊन गेलंय."

मग माझी जी त्रेधा उडाली ती सांगायला लाज वाटते. सड परत मोठा धरा म्हणालो. शिंगाचा बाक शोभेचा आहे म्हणालो. शेवटी चौदा वर्षांची अब्रू खुंटीला टांगून मी कबूल केलं, की माझं गणितच चुकलं.

आबांनी बोटांवर पुन्हा मोजून पाहिलं. "न्हाई मास्तर. गणित बरोबर हाय तुमचं."

मी हिच्याकडे बघायचं धाडस केलं. तिचे डोळे भरले होते. ती पुढं झाली, चंद्रीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, मानेवर हात फिरवला, आणि घुंगूरमाळ तिच्याच गळ्यात घातली. त्या वेळी जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला मनापासून वाटलं.

मग पदर सावरून तिनं धोंडिबाला विचारलं, "भाऊ, हे रेडकू रेडी आहे ना? काय घ्याल हिचं?"

धोंडिबाही वरमला होता. "तुमी द्याल ते, बाई."

तिनं तिसातले दहा रुपये त्याच्या हातावर ठेवले. "दूध तुटलं तरी तुमच्याकडेच राहू द्या. पुन्हा अर्धलीनं. फक्त माझी एक अट आहे."

"बोला की."

"ही व्याली की किंमत मी करीन. त्या दिवशी हे शाळेत असतील."

आबा म्हणाले, "ह्ये लय बेस."

तीन वर्षांनी ती रेडी व्याली. किंमत करायचा दिवस नेमका रविवारी आला. शाळेला कुलूप होतं, तरी मी दिवसभर शाळेच्या पायरीवर बसून राहिलो.