शनीचं कडं

आमचे बाबा गाडी चालवायचे आणि शेजारी बसून आई तोंड चालवायची. "डावीकडे ऑटो आला. पुढं ब्रेकर आहे. म्हैस, म्हैस! हं, गेली, आता घ्या." चिक्कडपल्लीच्या आमच्या गल्लीतून गाडी बाहेर पडली की हे जे सुरू व्हायचं ते परत घरी येईपर्यंत. आम्ही तिला रेडिओ म्हणायचो. मला बाबांची दया यायची. मी त्यांच्या जागी असते तर पहिल्याच चौकात उतरून चालत गेले असते. बाबा मात्र "हौ, हौ" करत शांतपणे गाडी हाकायचे.

माझा भाऊ पुण्याला असतो. त्याचा सारखा एकच घोषा, "बाबांचं वय झालं आता, गाडीची किल्ली काढून घे." तिकडे बसून फोनवर हुकूम सोडायला काय जातं! इथे त्यांच्यासमोर हात पसरून किल्ली मागायची कुणी? मराठी शाळेत विज्ञान शिकवत जन्म गेला त्यांचा. शाळा सुटली, मित्र एकेक करून गेले, आता आईला घेऊन सकाळी मंडईत जायचं आणि संध्याकाळी देवळात, एवढंच उरलंय. तीही गाडी काढून घेतली तर माणूस खुर्चीत बसून संपेल. मी भावाला सरळ सांगितलं, "मी त्यांना लांब घेऊन जाते. पूर्ण व्हिडिओ काढून पाठवते. नीट चालवली तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. नाही चालवली तर किल्ली मी स्वतः घेईन." बाबांनाही हे सांगितलं. जन्मभर दुसऱ्यांचे पेपर तपासलेला माणूस, हसून म्हणाला, "म्हणजे परीक्षा माझी? चालेल."

जागा त्यांनीच सुचवली. विकाराबादच्या रस्त्याला एका कॉलेजानं सूर्यमाला मांडली आहे असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. कॉलेजच्या आवारातल्या पाण्याच्या गोल टाकीला पिवळा रंग दिला, तो सूर्य. मग रस्त्याच्या कडेनं खांबांवर एकेक ग्रह, खरी अंतरं त्याच मापात लहान करून. नातीला हे दाखवायचं म्हणून बाबांनी आदल्या दिवशी स्वतः गाडी धुतली.

सूर्यापर्यंत आई पुढे होती आणि रेडिओ जोरात चालू होता. तिथे उतरून आम्ही बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ पायीच बघितले, कारण ते अगदी जवळजवळ आहेत. पृथ्वी लिंबाएवढी. माझी लेक तर हिरमुसलीच. बाबा प्रत्येक खांबापाशी थांबून असं काही सांगत होते की जाणारे लोकही ऐकायला उभे राहिले. पाटी न वाचता, सगळं तोंडपाठ. मला काय अभिमान वाटला!

परत गाडीत बसताना मी आईला म्हटलं, "तू मागे बस. मला पुढून व्हिडिओ काढायचाय, आणि तुझी बडबड त्यात नको."

"मला मागं मळमळतं," आई म्हणाली.

"कधीपासून?"

"बसू दे की तिला पुढं," बाबा म्हणाले. जरा घाईनंच म्हणाले. पण मी एकदा ठरवलं की ठरवलं. आईला हाताला धरून मागे बसवलं, माझ्या लेकीच्या शेजारी.

गाडी निघाली तशी आई दोन सीटच्या मधून पुढे वाकली आणि झालं सुरू. "सायकलवाला आहे हां डावीकडे." मी व्हिडिओ थांबवला. "आई, गप्प बसशील का जरा? भाऊ म्हणेल, तीच चालवू लागली गाडी." ती गप्प झाली. पण तिनं हात पुढे करून बाबांच्या खांद्यावर ठेवला, तो तसाच ठेवला. मी मोबाइलमधून बघत होते. म्हातारपणी काय प्रेम उतू चाललंय, असं म्हणून मी हसलेसुद्धा.

गुरू आला तो केवढा, लाल भोपळ्याएवढा. खांब मागे गेल्यावर बाबांनी गाडी थांबवली. "पुढं कुठं चाललात, गुरू मागं राहिला!" म्हणून आम्ही सगळे हसलो. त्यानंतर शनी चांगलाच लांब. रस्ता मोकळा, दोन्हीकडे वडाची जुनी झाडं, बाबांनी जरा वेग घेतला. गाडी अगदी झोकात चालली होती. मी मनातल्या मनात भावाला ऐकवायची वाक्यं जुळवत होते.

तेवढ्यात मागून लेक म्हणाली, "आजी, मला उलटी होतेय." आई तिच्याकडे वळली. बाबांच्या खांद्यावरचा हात गेला.

समोर, अगदी नाकासमोर, कापूस भरलेला ट्रॅक्टर उभा होता. बिघडून रस्त्यातच उभा केलेला. डोंगराएवढा पांढराशुभ्र कापूस. तो मोबाइलच्या पडद्यावर मोठा होत होता आणि मी वाट बघत होते, आता बाबा ब्रेक दाबतील, आता वळवतील. बाबा मजेत होते. गुणगुणत होते.

"उजवीकडे!" आई किंचाळली.

बाबांनी त्याच क्षणी चाक उजवीकडे फिरवलं. कापूस माझ्या काचेला घासून गेला. गाडी पलीकडच्या मातीत उतरून थांबली. समोरून काही येत नव्हतं, एवढीच देवाची कृपा. लेक रडायला लागली होती.

"बाबा! एवढा मोठा ट्रॅक्टर!"

"अगं, माझं लक्ष शनीकडे गेलं," ते म्हणाले. खांब खरंच तिथे होता, पन्नासेक पावलांवर. बाबा खाली उतरले, नातीला जवळ घेऊन खांबापर्यंत चालत गेले आणि मान वर करून नेहमीच्या आवाजात सांगू लागले. "रडायचं नाही. बघ, ते कडं बघ कसं तिरकं बसवलंय. आहे की नाही ऐट? साऱ्या ग्रहांत असा दागिना कुणाकडे नाही."

लेकीनं नाक पुसलं, वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"आजोबा, रिंग नाहीये."

मीही बघितलं. खांबावर नुसता गोळा होता. कडं कुणीतरी उचकटून नेलेलं, भंगारात विकलं असेल. दोन वाकडे खिळे तेवढे उरले होते. बाबा अजून वर बघून हसत होते. ते हसू हळूहळू गेलं ते मी बघितलं. देवा, कुणाच्याही मुलीला तसं बघायला लागू नये.

"पुरे आता," मागून आई म्हणाली. "दिसत नाही त्यांना. कडेकडेचं दिसतं, मधलं नाही. समोर बघितलं की मधोमध धुकं. डॉक्टर म्हणाले, आता हे असंच राहणार."

"कधीपासून?"

"लई दिवस झाले."

मी ओरडले. रस्त्यात उभी राहून ओरडले. "वेड लागलंय का तुम्हाला? पोरगी आहे गाडीत माझी! लोकांना उडवलं असतं म्हणजे? आणि तू, तू साथ देऊ लागलीस यांना?" ट्रॅक्टरवाला बिडी विझवून बघत राहिला.

"कामून ओरडू लागलीस?" आईही चिडली. "मी होते की शेजारी! एक ओरखडा आला का इतके दिवस? तूच पुढून उठवलंस मला."

रेडिओ, रेडिओ म्हणून आम्ही हसत होतो ते हे होतं. मी डोकं धरून खाली दगडावर बसले.

बाबा माझ्याजवळ आले. खिशातून किल्ली काढली आणि माझा हात चाचपून त्यात ठेवली. "वर्गात माझा नियम होता," ते म्हणाले. "कॉपी पकडली की वाद नाही घालायचा, पेपर देऊन टाकायचा." मग आवाज बदलून म्हणाले, "पण नेपच्यूनपर्यंत ने बाई. पोरीला कबूल केलंय मी."

मी चालवायला बसले. आई माझ्या शेजारी, बाबा मागे नातीबरोबर. मग आईला राहवेना. "डावीकडे म्हैस आहे."

"मला दिसतं, आई!" मी वस्सकन अंगावर गेले.

"ब्रेकर आहे पुढं," ती म्हणालीच.

मागून लेकीचा आवाज आला. "मम्मी, आजोबांचा पाय बघ ना. खाली दाबू लागले."

मी आरशात बघितलं. बाबा ताठ बसले होते, हात गुडघ्यांवर, नजर समोर. आई बोलली आणि त्यांनी ब्रेक दाबला होता, माझ्या आधी.

"बोल आई," मी म्हटलं. "जरा मोठ्यानं बोल, मागं ऐकू जाईल असं."