लंगरातून आलेली पत्रं

माझे पती लष्करात, तिथल्या लंगरात म्हणजे भटारखान्यात, स्वयंपाकी होते. लग्नानंतर कितीतरी वर्षं मी हे कुणापुढे सरळ सांगितलं नाही. कुणी विचारलं तर 'मिलिटरीत आहेत' म्हणायची आणि विषय बदलायची.

माझं माहेर चिपळूणचं. बारावी झालेली मी या आतल्या गावात सून म्हणून आले, तेव्हा वाडीतल्या बायकांत एवढं शिकलेली दुसरी कुणी नव्हती. अंगणवाडीत नोकरीही लागली. शिक्षणाची घमेंड होती मला, खोटं कशाला बोलू.

वर सरहद्दीवरच्या डोंगरात लढाई सुरू झाली तेव्हा आमचा मुलगा दीड वर्षाचा होता. ह्यांची पलटण तिकडेच होती. आठवड्याला एक आंतरदेशीय पत्र यायचं. मी ते उघडायची आणि पहिल्या चार ओळींतच माझं तोंड पडायचं. डाळ शिजत नाही, पाण्याला उकळी येते पण त्यात जोर नसतो. बर्फ वितळवून पीठ मळावं लागतं. वरच्या चौक्यांवर जेवण पाठीला बांधून न्यावं लागतं, पुऱ्या वातड होतात. मग माझी चौकशी. खोकला गेला काय, गाय व्याली काय, पडवीवरची फुटलेली कौलं बदलून घेतलीस काय.

शेजारच्या घरातला माणूसही फौजेत होता, पण तो बंदूकवाला. त्याची बायको आणि मी एकाच विहिरीवर. रोज संध्याकाळी दुकानात टीव्हीवर बातम्या लागत आणि सगळी वाडी तिथे जमायची. एकदा तिने सगळ्यांदेखत विचारलं, "तुजा घोव तिकडं लढतो काय रांधतो गो?"

बायका हसल्या. पुरुषही हसले. माझ्या सासूबाई तिथेच होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला.

त्या दिवशी घरी आल्या आल्या मी पत्र लिहायला बसले. माझं अक्षर सुरेख आहे, ते पत्रही सुरेख अक्षरात लिहिलं. 'इकडे सगळे विचारतात किती शत्रू मारले. तुम्ही मला पुऱ्या किती लाटल्या ते कळवता. मला खाली मान घालावी लागते. लिहायचं तर सांगण्यासारखं काहीतरी लिहा. नाहीतर लिहू नका.' आणि त्यांची तोवर आलेली सगळी पत्रं चुलीत घातली. सात-आठ असतील. आंघोळीचं पाणीसुद्धा धड तापलं नाही त्यांवर.

तीन आठवडे काही आलं नाही. भात लावणीला सुरुवात झाली होती, मी चिखलाच्या पायांनी बांधावर आले तर पोस्टमन उभा. त्या पत्रात चढाई होती. ह्यांनी म्हणे दोघांना टिपलं होतं, जखमी साथीदाराला खांद्यावर टाकून आणलं होतं. मी ते तिथेच, बांधावर, मोठ्याने वाचलं. शेजारीण खाली वाकून रोप लावत राहिली. मला काय आनंद झाला होता!

अशी आणखी पाच पत्रं आली. प्रत्येक मी दुकानात वाचून दाखवलं. लोक 'परत वाच' म्हणायचे. मला तेव्हाच कळलं होतं का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. कळलं होतं. त्या पत्रांत खोकला नव्हता, गाय नव्हती, मीच नव्हते. पण दुकानात खुर्ची मिळत होती मला बसायला.

लढाई संपल्यावर ते रजेवर आले. बर्फाने डाव्या पायाची दोन बोटं गेली होती, हे त्यांनी कुठल्याच पत्रात लिहिलं नव्हतं. गावाने शाळेच्या पटांगणात सत्कार ठेवला. त्यांनी मला घरातच विनवलं, "नको गो. सांग त्यांना माजी तब्येत बरी नाय."

"एवढी माणसं जमलीत," मी म्हटलं. "सदरा घाला."

शाल झाली, नारळ झाला. सरपंचांनी 'दोन शब्द' म्हणून माईक पुढे केला. ते उभे राहिले. तेवढ्यात शेजारचा तो बंदूकवाला, तोही रजेवर आला होता, बसल्या जागेवरून म्हणाला, "कुठल्या चौकीवर चढलास रं?"

ह्यांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला.

"ट्रेड काय तुजा? काम कुठलं, ते तरी सांग."

माईक तोंडाशीच होता. त्यामुळे पुटपुटलेलं सगळ्यांना ऐकू गेलं. "कुक."

आधी कुणी हसलं नाही. मग मागून एक जण हसला आणि सगळं पटांगण हसू लागलं. सरपंच माझ्याकडे वळले. "मग वहिनी, ती पत्रं?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. एका वाक्याचं काम होतं. मीच तसं लिहायला सांगितलं, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "मला काय ठाऊक? त्यांनी लिहिलं तसं मी वाचलं."

त्यांनी शाल काढली, नीट घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि लंगडत पटांगणाबाहेर गेले. मी लगेच मागे गेले नाही. त्यांच्यासोबत चालताना कुणी पाहू नये, असं वाटलं. घरी पोचले तेव्हा ते चूल पेटवत होते. "चहा टाकू काय?" म्हणाले. त्या विषयावर त्यानंतर एक शब्द नाही.

पत्रही नाही. पुढे नोकरीत असेपर्यंत ते दुकानात फोन करायचे, आईशी बोलायचे, मुलाशी बोलायचे. माझ्या हातात फोन आला की "बरी हायस ना?" आणि ठेवून द्यायचे.

गावाने त्यांना 'मेजर' नाव ठेवलं. निवृत्तीनंतर त्यांनी हातखंब्याला हमरस्त्यावर राइस प्लेटचं छोटं हॉटेल टाकलं. गावचे लोक येता-जाता मुद्दाम थांबायचे. "मेजर, दोन वडे टाका, गोळ्या नकोत." तेही हसायचे आणि वडे टाकायचे. मी गल्ल्यावर बसलेली असायची. मीसुद्धा हसायची.

गेल्या वर्षी ते गेले. शेवटच्या दुखण्यात एकदा त्यांनी मला जवळ बोलावलं. "ती पहिली पत्रं हायत काय गो?"

"आहेत," मी म्हणाले.

"पोराला दे. त्यात खरं हाय."

मी मान डोलावली. सहा दिवसांनी ते गेले.

पण मुलालाही त्यांनी पत्रांचं, त्यांत खरं आहे म्हणून, सांगून ठेवलं होतं. तेराव्यानंतर तो कपाट उपसायला लागला, तेव्हा त्याला ती सहा पत्रं सापडली, चढाईची. रात्रंदिवस वडे तळणारा आपला बाप हे सगळं करून आला, म्हणून तो वाचताना रडला. त्याने त्यांतलं एक लॅमिनेट करून हॉटेलात त्यांच्या फोटोखाली लावलं. दोन दिवस मी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांना ते वाचून हसताना पाहिलं आणि मुलाला मागच्या बाजूला नेऊन सगळं सांगितलं.

"आणि खरी कुठायत?"

"मी जाळली."

त्याने लॅमिनेट केलेलं पत्र उतरवलं. माझ्याशी अजून बोलत नाही फारसं. एकदाच म्हणाला, "आठवतंय तेवढं लिहून दे."

म्हणून मी बसले. पंधरा दिवस बसत होते. एक पानही भरलं नाही. डाळीचं, बर्फाचं, कौलांचं, एवढंच. आणि शेवटून दुसऱ्या पत्रातला एक मजकूर, जो मी तेव्हा पुऱ्यांचा हिशोब समजून सोडून दिला होता. 'आज तेवीस माणसांच्या पुऱ्या घेऊन वर गेलो. तोफेचे गोळे पडत होते. पोचलो तेव्हा जेवणारे एकोणीसच होते. चौघांच्या पुऱ्या मी परत आणल्या नाहीत, त्यांच्याजवळ ठेवल्या.'

मुलाने ते उभ्या उभ्या वाचलं. त्याचे हात पिठाचे होते, म्हणून मीच कागद धरला होता.

"चौघांची नावं लिहिली होती बाबांनी?"

"लिहिली होती."

"काय होती?"

मला एकही आठवत नाही.