मैत्रिणीची नाडी

कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की बी.एस्सी.ची ती संथ दुपार आठवते. शरीरक्रियाशास्त्राच्या प्रॅक्टिकलला मी कुही गावाहून येणाऱ्या मैत्रिणीची नाडी मोजत होते. खिडकीतलं पिवळं ऊन परीक्षानळ्यांवर सांडलं होतं. बोटांखालचा ठोका मध्येच हरवायचा, मग घाईने परतायचा. “तुले चक्कर येते का वं?” मी विचारलं. “येते कधीकधी. काहून?” ती हसली. मी घाबरून मॅडमना बोलावलं. त्यांनी तिचं मनगट धरून डोळे मिटले. सारी प्रयोगशाळा थांबल्यासारखी झाली. मग प्रॅक्टिकल सोडून त्या तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. हृदयाची झडप बिघडली होती. ऑपरेशन झालं, ती वाचली. आजही भेटली की ती आधी मनगट पुढे करते, “पाह्य वं, चालू हाय ना?” आणि मी ते धरून, डोळे मिटून ठोके ऐकत राहते.