तुला स्वच्छ केलंय ना?

प्रसूतिगृहातली दुभाषी मावशी बोलण्यात कुणाला हार जात नसे. एका बाजूला सिस्टर, दुसऱ्या बाजूला परदेशातून आलेली घाबरलेली पोर आणि मधे तिच्याच मुलखातली मावशी. नऊ वर्षं हेच काम. फक्त फॉर्मवरच्या अकराव्या प्रश्नाला तिची जीभ अडायची. प्रश्न सरळ होता : लहानपणी तुमचा गुप्त भाग कापला किंवा शिवला आहे का? हे आईच्या भाषेत उच्चारायचं म्हणजे मावशीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून ती तिकडच्या आज्यांचा सोवळा शब्द वापरायची, "तुला स्वच्छ केलंय ना गं?" पोरी मान डोलवायच्या. हो म्हणणाऱ्यांची आधीच तपासणी होई, टाके कधी उघडायचे ते ठरे. नाही म्हणणाऱ्यांना सरळ वजनाला पाठवत.

एक दिवस बाविशीची एक पोर आली. निर्वासितांच्या छावणीत वाढलेली. आई, आजी, कुणी म्हणजे कुणी उरलं नव्हतं. प्रश्न ऐकून ती लाजून चूर झाली आणि "नाही" म्हणाली. सुटली बाई एक तरी, असं मनाशी म्हणत मावशीने सिस्टरांना "नाही" सांगून टाकलं. खरं तर तिथेच तिने पुन्हा विचारायला हवं होतं. पण सुटका झाल्याचा आनंद तिचा स्वतःचाच जास्त होता.

पोर प्रसूतीला पोहोचली तीच शेवटच्या कळा घेऊन. बाळाचं डोकं खाली आलं तेव्हा सगळ्यांना दिसलं, वाट शिवलेली, जेमतेम बोट जाईल एवढी. नीट उघडायला वेळच मिळाला नाही. पोर फाटली, रक्ताच्या चार पिशव्या चढवाव्या लागल्या. मुलगी झाली, धडधाकट.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी फाइलमध्ये लिहिलं, 'माहिती लपवली.' मावशीला म्हणाल्या, "जी स्वतःचं लपवते ती उद्या लेकीलाही गुपचूप कापून आणेल. बालकल्याणवाल्यांना कळवतेय. त्यांनी ठरवलं तर बाळ तिच्याकडे राहणार नाही."

मावशी तणतणत खाटेपाशी गेली.

"खोटं का बोललीस गं?"

"मी? कधी?"

"स्वच्छ केलंय का विचारलं, तेव्हा."

पोर गोंधळली. "आमच्या वसतिगृहात दोन दिवस पाणी नव्हतं, मावशी. आंघोळच झाली नव्हती. वास आला म्हणून विचारलंत ना तुम्ही?"

हा शब्द शिकवायला या पोरीच्या घरात एक बाई जिवंत नव्हती, आणि एवढी साधी गोष्ट नऊ वर्षं भाषांतर करणारीच्या डोक्यात आली नव्हती.

तोंडात मिठाची गुळणी धरून बसता आलं असतं. कुणाला कळलं नसतं. पण मावशी सिस्टरांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"ती खोटं बोललेली नाही. मीच नीट विचारलं नाही. कुणालाच विचारत नव्हते."

"नऊ वर्षं?"

"नऊ वर्षं."

सिस्टरांनी ती ओळ खोडली, खाली 'दुभाषीची चूक' असं लिहिलं आणि 'नाही' लिहिलेल्या सगळ्या फाइली बाहेर काढायला सांगितल्या. मावशीला म्हणाल्या, "तुम्ही उद्यापासून येऊ नका." मावशीला राग आला, पण तो धरायला जागा सापडेना.

निघताना ती पुन्हा खाटेपाशी गेली. "बाळ तुझ्याकडेच राहील," तिने सांगितलं. मग खाली बघत म्हणाली, "लहानपणी तुला तिथे कापलं ना, त्याला म्हणतात आपल्यात. स्वच्छ करणं."

"त्याला?" पोर तिच्याकडे बघतच राहिली. "तुम्हालाही केलंय?"

मावशीने मान डोलवली.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं ते काय असतं," पोर म्हणाली, आणि बाळाला घेऊन भिंतीकडे वळली.