शेकलेल्या हलगीचा वास

काल बसवकल्याणला नव्या पोरांचा बँड कार्यक्रमाआधी हलगी शेकत होता. तापल्या कातड्याचा वास आला आणि एक जुनी दुपार आठवली.

कॉलेजात असताना आमचाही बँड होता. एक गिटार, माझी हलगी आणि गायला सुमनअक्का. त्या दुपारी एका गावात आम्ही विहीर सगळ्यांना खुली करा असं गाणं म्हणणार होतो. समोरच्या पारावर काठ्या घेऊन माणसं बसली होती. मी कडब्याच्या जाळावर हलगी धरली.

"कामून थरथरायलास रं?" अक्कानं विचारलं.

"न्हाई अक्का, धूर लागायलाय."

तेवढ्यात कातडं फाटलं. अक्का नुसत्या टाळ्यांवर गायली. एकही काठी उठली नाही. मी मात्र फाटकी हलगी छातीशी धरून आमच्या जीपमागं उभा होतो.

"गाण्याच्या धगीनंच हलगी फुटली," असं आमचे चाहते अजून सांगतात. कालही पोरं म्हणाली, "अण्णा, ती गोष्ट सांगा की."

मी सांगितली, त्यांना आवडते तशीच. वाजवायला लागू नये म्हणून हलगी मी मुद्दाम जाळात धरली होती, तेवढं कालही गिळलं.