धुक्याचा ठोका

केझाया मसेट भित्री होती. हे तिच्या माघारी कुणी बोलायची गरजच नव्हती, ती स्वतःच सांगत फिरायची. गाईंच्या कुरणातून जायला नको म्हणून ती लांबचा वळसा घ्यायची. तळ्यावरच्या हंसाला भ्यायची, विजेला भ्यायची, आणि पाद्रीबुवांच्या घरी झाडलोट करताना टेलिफोन वाजला की हातातला झाडू टाकून अंगणात यायची.

"अगं, त्यातून कुणाचा हात बाहेर येणार आहे का?" तिचा भाऊ एलाय विचारायचा.

"आला तर?" ती म्हणायची.

आणि अशा बाईकडे हॅडल्सीच्या चर्चची घंटा होती, आता बोला. आधी तिच्या बापाकडे होती, त्याच्या आधी आज्याकडे. एलाय मुलगा असूनही दोर तिच्याकडे आला, कारण ताल कशाशी खातात हे एलायला जन्मात कळलं नाही. रविवारची घंटा कुणीही वाजवावी. धुक्याची घंटा मात्र केझायानंच वाजवायची.

समुद्र अडवणाऱ्या बांधाच्या अलीकडे हॅडल्सी मोठं शहाणं गाव आहे. गव्हाची रानं, काटेरी कुंपणं, त्यांच्यामधून वाकडीतिकडी जाणारी गल्ली, उंच झाडांवर कावळ्यांची घरटी, तळं, गुत्ता. बांधाच्या पलीकडे खाजण, भरतीला बुडणारी खारी जमीन. ओहोटीला ते कोसभर हिरवंगार पसरतं, त्यात मेंढरं चरतात, आणि परक्या माणसाला वाटतं, काय छान कुरण आहे. पण भरतीचं पाणी तिथं समोरून येत नाही. ते ओहळांतून गुपचूप शिरतं आणि माणसाच्या पाठीमागे, घराच्या बाजूला, आधी भरतं. त्यात धुकं असलं तर माणूस घराकडे म्हणून निघतो आणि समुद्राकडे चालत राहतो. म्हणून धुकं पडलं की मोठ्या घंटेचा एक ठोका, मग एक लांब श्वास होईस्तोवर शांतता, मग पुन्हा एक ठोका. त्या आवाजाकडे तोंड करून चालायचं. गावात असा एकही बाप्या नव्हता जो कधी ना कधी केझायाच्या ठोक्यावर घरी आला नव्हता.

मग महायुद्धातलं चाळीस साल आलं. फ्रान्स पडला, आणि जूनमध्ये सरकारनं देशभरच्या घंटा बंद केल्या. घंटा वाजली तर अर्थ एकच, जर्मन उतरले. हॅडल्सीच्या रक्षक दलाचे प्रमुख झाले मेजर ऑर्डवे. निवृत्त होऊन गुलाब लावायला इथं आलेले, एका गुडघ्यानं अधू, काठी टेकत चालणारे. त्यांनी गावाला गुत्त्यात बसवून समजावलं: घंटा झाली की बंदुका घेऊन बांधावर जायचं, समुद्राकडून जो येईल त्याला तीनदा हटकायचं, नाव सांगितलं नाही तर गोळी घालायची.

"आणि साहेब, धुकं पडलं तर?" केझायानं विचारलं.

"तर कुणी खाजणात जायचं नाही, बाई."

"धुकं काय आधी निरोप पाठवतं?" एलाय हळूच पुटपुटला. दोघेचौघे हसले. मेजर हसले नाहीत. त्याच दिवशी केझायानं घंटेचा दोर वर गुंडाळून बांधून टाकला.

तिचा नवरा रूबेन मेंढपाळ होता, आणि बोलताना अडखळायचा. मेंढरांशी नाही, कुत्रीशी नाही. माणूस समोर आला की शब्द घशात अडकायचा, आणि सगळ्यांत जास्त अडकायचं त्याचं स्वतःचं नाव. लग्नाच्या वेळी सगळं चर्च ताटकळलं, तेव्हा केझायाच म्हणाली होती, "हा रूबेनच आहे, मी ओळखते त्याला. पुढं चला."

ऑक्टोबरातल्या एका दुपारी तो मेंढरं आणायला खाजणात गेला. ऊन होतं. केझाया बटाटे सोलत बसली होती. मान वर केली तर खिडकीबाहेरचं सफरचंदाचं झाड नाहीसं झालेलं. कुंपणही गेलं. गल्लीच गेली.

ती चाचपडत बांधावर गेली. पलीकडे नुसतं पांढरं. "रूबेन!" तिनं हाक मारली, आणि ती हाक तोंडापुढंच पडली. बरोबर आणलेली बादली तिनं लाकडानं बडवली, हात भरून येईपर्यंत बडवली. काही नाही. मग खालून ओहळात पाणी आल्याची चुळचुळ ऐकू आली. भरती लागली होती.

घंटा वाजवली नाही तर रूबेन बुडणार. वाजवली तर तो येणार कुठं? भरलेल्या बंदुकांसमोर. तिथं कुणीतरी विचारणार, नाव सांग. चर्चकडे धावताना तिला हे सगळं दिसत होतं. तिला एकच धीर होता. बांधावर गावचीच माणसं असणार, आणि गावाला तिचा ठोका झोपेतही ओळखू येतो.

तिनं गुंडाळून बांधलेला दोर सोडवला. एक ठोका. लांब श्वास. एक ठोका. बाहेर दारं आपटली, कुणी बाई किंचाळली, गल्लीतून बूट धावत गेले. ती वाजवत राहिली.

मेजर धापा टाकत आत आले. "कुठं उतरले? किती आहेत?"

"कुणी नाही, साहेब. नवरा आहे माझा. खाजणात."

मेजरांचा चेहरा पडला. "बाई, वेड लागलंय का तुम्हाला? आख्खा जिल्हा जागा केलात. सोडा तो दोर."

"सोडला तर तो बुडेल."

"बांधावर माझी माणसं बंदुका रोखून उभी आहेत."

"मग जा ना, सांगा त्यांना! त्याला नाव सांगता येत नाही हो!"

मेजरांनी आपल्या गुडघ्याकडे पाहिलं. मग काठी भिंतीला लावली आणि पुढं झाले. "द्या इकडं. मी पोचेपर्यंत संध्याकाळ होईल. तुम्ही पळा. कसं वाजवायचं?"

"ओढा. लांब श्वास घ्या. पुन्हा ओढा. घाई करू नका, घाई केलीत तर त्याला दिशा कळणार नाही." एवढं बोलून ती निघाली.

ती गाईंच्या कुरणातून पळाली, मधोमध. कुणाच्या तरी गरम अंगाला धडकली, तशीच पुढं गेली. मागून ठोका आला तो थोडा वेडावाकडा, पण आला. दर दोन ठोक्यांच्या मधे ती बंदुकीच्या आवाजाचा कानोसा घेत होती. नाही आला. अजून नाही आला.

बांधावरचा पहिला माणूस तिचा भाऊच निघाला. एलाय गुडघ्यांवर बसला होता, बापाची दुनळी बंदूक खांद्याला लावून.

"खाली कर," ती म्हणाली. "एलाय, रूबेन आहे. खाली कर ती."

त्यानं केली नाही. हात आखडले होते त्याचे. तिनंच नळी धरून जमिनीकडे वळवली, आणि बांधावर जिथं जिथं माणसं असतील तिथं तिथं पोचेल अशा आवाजात ओरडली, "रूबेन मसेट येतोय! गोळी घालू नका, रूबेन मसेट आहे!" डावीउजवीकडून धुक्यातून आवाज आले, "ऐकलं गं, ऐकलं." कुणीतरी देवाचं नाव घेतलं.

आधी कुत्री आली, चिखलानं काळी. मग मेंढरं, एकमेकांना ढकलत. मग कमरेपर्यंत भिजलेला रूबेन, एक कोकरू खांद्यावर टाकून. त्यानं बंदुका पाहिल्या, बायकोला पाहिलं, आणि काही बोलायला तोंड उघडलं.

"राहू दे," केझाया म्हणाली. "घरी चल. मेंढरं हाक पुढं, मी आलेच."

तो पुढं गेला. एलाय तसाच बसलेला. तो रडत होता.

"आता काय झालं? आला ना तो?"

"केझी, तू यायच्या आधी तो एकदा सावलीसारखा दिसला होता. तिथं, त्या खांबापाशी. मी तीनदा हटकलं. नुसता हूं हूं असा आवाज आला." एलायनं बंदूक उघडली आणि काडतूस तळहातावर काढून दाखवलं. दमट होऊन फुगलेलं. त्याच्या बुडाला बंदुकीचा घोडा आदळल्याचा खोल वण होता. "मी चाप ओढला. नुसतं खट्ट झालं."

केझाया त्याच्याशेजारी ओल्या गवतात बसली.

"माझा ठोका होता तो," ती म्हणाली. "ओळखला नाहीस?"

"ओळखला. पहिल्या ठोक्यालाच ओळखला," एलाय म्हणाला. "मला वाटलं, जर्मनांनी तुला पकडून वाजवायला लावलंय."